पाणी आणि ड्रेनेज योजनेचा पैसा: सांगली-मिरज-कुपवाडच्या आकाराच्या शहराने तो कसा उभा करावा

शहरात पाण्याची किंवा ड्रेनेजची मोठी योजना निघाली की पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे निधी कोणत्या योजनेतून येणार. नागरी संस्थांच्या लेखा विभागात नोकरीची बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. योजना सुरू झाल्यावर तिचे महिन्याचे वीजबिल कशातून भरायचे, हा पहिला. अनुदान आणि कर्ज यांनी बांधकाम होते. योजना चालते ती पाणीपट्टी आणि घरपट्टीवर. हा क्रम उलटा झाला, की काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका नगरपालिकेत अनुदानातून मलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले होते. दुसरा पावसाळा येण्याआधीच वीजबिल थकले आणि पुरवठा तोडला गेला. मी पाहणीला गेलो तेव्हा हवा मिसळण्याच्या टाकीवर हिरवी साय धरलेली होती, ब्लोअर गंजू लागले होते आणि वीजपॅनेलच्या पेटीत चिमणीने घरटे केले होते. कार्यालयात परत येऊन मी मूळ प्रस्ताव उघडला. त्यात बांधकामाच्या खर्चाची कोष्टके पानेच्या पाने होती, मात्र देखभालीसमोर "न.पा. फंडातून" एवढेच लिहिले होते आणि आकड्याचा रकाना कोरा होता. हा कोरा रकाना आधी भरता यावा, म्हणून पुढच्या पायऱ्या मी या क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे सांगली-मिरज-कुपवाडच्या आकाराच्या शहराची घेतली आहेत. जिथे आकडे हिशेबासाठी गृहीत धरले आहेत, तिथे तसे म्हटले आहे.

पहिली पायरी: पाण्याचा हिशेब

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हा केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेतील मापदंड आहे. पाच लाख लोकवस्ती धरली, तर रोज ६ कोटी ७५ लाख लिटर पाणी घराघरांत पोहोचले पाहिजे. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, म्हणजे ५ कोटी ४० लाख लिटर. हे दोन आकडे कागदावर एका मिनिटात निघतात. खरे काम आहे ते नदीतून उचललेले पाणी आणि बिल झालेले पाणी यांतला फरक शोधण्याचे.

त्यासाठी जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर), जलशुद्धीकरण केंद्राचा बाहेरचा मुख्य नळ आणि प्रत्येक उंच टाकीतून पाणी बाहेर पडण्याचा नळ या तीन ठिकाणी मोठे प्रवाहमापक बसवावे लागतात. पंप इतके तास चालला म्हणून इतके पाणी आले, असा अंदाजी हिशेब कर्ज देणारी कोणतीही संस्था मान्य करत नाही आणि तिने करूही नये. मापक बसल्यावर एका टाकीचे क्षेत्र निवडावे, त्या क्षेत्रातले सगळे नळजोड घरोघरी जाऊन मोजावेत आणि महिनाभराची आवक व बिल समोरासमोर मांडावे. या कामात सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे त्या भागाचा व्हॉल्व्हमन. कोणत्या गल्लीत पाणी सोडल्यावर पहिली दहा मिनिटे गढूळ येते, कोणत्या कोपऱ्यावरचा रस्ता पाणी सुटले की ओला होतो, कोणत्या मुख्य नळाला रातोरात चोरून जोड घेतला गेला, हे त्याला नकाशाशिवाय माहीत असते. त्याच्याबरोबर एक कनिष्ठ अभियंता आठवडाभर फिरला आणि त्याने सगळे लिहून घेतले, तर सल्लागाराच्या अहवालातली निम्मी पाने तिथेच तयार होतात.

गळतीचा पैशाशी संबंध किती थेट आहे, ते पाहा. समजा, एक हजार लिटर पाणी उचलून, शुद्ध करून टाकीत चढवायला १५ रुपये लागतात. ४० टक्के पाणी गळती, चोरी आणि बिनबिलाच्या जोडांत जात असेल, तर बिल होणाऱ्या प्रत्येक हजार लिटरवर खर्च २५ रुपये पडतो. हेच प्रमाण २० टक्क्यांवर आणले, तर तो १८ रुपये ७५ पैसे होतो. केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरी पाणी-मलनिस्सारण अभियानाचे उद्दिष्टही हे बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या खाली आणण्याचेच आहे. ६ कोटी ७५ लाख लिटरपैकी २० टक्के वाचवले, तर ते होते रोज १ कोटी ३५ लाख लिटर, म्हणजे आणखी एक लाख लोकांचे पाणी. तेवढ्यासाठी नवे जॅकवेल आणि नवी दाबनलिका टाकायची, की आधी गळती काढायची, हे सभागृहाने हा आकडा समोर ठेवून ठरवावे.

दुसरी पायरी: पैशाचा हिशेब

पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांचे खाते महापालिकेच्या सर्वसाधारण फंडातून वेगळे काढावे. खर्चाच्या बाजूला वीज, तुरटी, क्लोरीन, आस्थापना, ठेकेदारी कामगार, दुरुस्ती, जलसंपदा विभागाला द्यायची पाणीपट्टी आणि घसारा (यंत्रे व नळांची दरवर्षीची झीज, पैशात), हे सगळे आले पाहिजे. घसारा बहुतेक ठिकाणी कागदोपत्री दाखवतात आणि त्याची रक्कम प्रत्यक्षात कुठेही बाजूला पडत नाही. जमेच्या बाजूला चालू मागणी, तिच्यापैकी झालेली वसुली आणि थकबाकी वेगवेगळी दाखवावी. थकबाकी तर वर्षवार लावावी, कारण दहा वर्षांपूर्वीच्या, बंद घरांच्या आणि दुबार नोंदींच्या थकबाकीला येणे म्हणून धरणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

विजेचा आकडा नीट समजून घ्यावा, कारण पाणीपुरवठ्याच्या चालू खर्चात तोच सर्वांत जड असतो. साताऱ्याला कास तलावाचे पाणी उताराने येते, तर शहापूर योजनेचे उरमोडीतून उपसून चढवावे लागते; एकाच शहरात दोन्ही प्रकार असल्याने खर्चातला फरक तिथे कोणालाही कळतो. सांगलीला कृष्णेचे पाणी उपसण्यावाचून गत्यंतर नाही. रोज ६ कोटी ७५ लाख लिटर पाणी एकूण ६० मीटर चढवायचे आहे, असे धरू. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर दिवसाला सुमारे १८,४०० युनिट वीज लागते. पंप बदलून ती ७० टक्क्यांवर नेली, तर सुमारे १५,८०० युनिट लागतात. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला ७५ लाखांच्या वर रक्कम वाचते. असे काम दोन-तीन वर्षांत स्वतःचा खर्च भरून काढू शकते, म्हणून ते कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता आधी करावे.

आणखी एक आकडा या खात्याशेजारी लिहून ठेवावा. जकात आणि पुढे स्थानिक संस्था कर गेल्यावर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार महापालिकांना राज्याकडून वस्तू व सेवा कराची भरपाई मिळते आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवून धरली जाते. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने महापालिकेचे हे सर्वांत खात्रीचे उत्पन्न. मात्र त्यातून पगार, निवृत्तिवेतन आणि रस्तेही चालतात. त्यामुळे त्यातला किती भाग कर्जाच्या हप्त्यासाठी खरोखर मोकळा आहे, हे मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदावरून ठरवावे.

तिसरी पायरी: प्रकल्प अहवालात राहून जाणारा खर्च

सविस्तर प्रकल्प अहवाल सल्लागार करतो आणि तांत्रिक मान्यता बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. दरसूचीप्रमाणे नळ, खोदाई आणि काँक्रीट यांचे दर लागलेले असतात. चुकते ते इतरत्र. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च अर्धवट धरलेला असतो. जागेचा मोबदला अनुदानात बसत नाही. मिरजेसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वेमार्गाखालून नळ न्यायचा, तर रेल्वेची परवानगी, शुल्क आणि वेळ हे तिन्ही लागतात. उपसा केंद्राला स्वतंत्र वीजवाहिनी हवी असते. भुयारी गटार योजनेत तर घरापासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंतचा जोड कोणी आणि कोणाच्या पैशाने करायचा, हे लिहिलेलेच नसते. मग कोट्यवधींची वाहिनी जमिनीत पडून राहते, लोकांचे सांडपाणी उघड्या गटारातच जाते आणि प्रक्रिया केंद्राला पुरेसे पाणीच मिळत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की घरजोडणी योजनेच्याच खर्चात धरावी आणि नागरिकाचा वाटा असेल तर तो पाणीपट्टीतून हप्त्याने घ्यावा.

सांगलीत याला पुराचीही जोड द्यावी लागते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. नदीकाठचे उपसा केंद्र, त्याचे पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर या पातळीच्या वर नेण्याचा खर्च आजच्या अंदाजपत्रकात जड वाटेल. तो टाळला, तर पुरानंतर शहरात सगळीकडे पाणी असताना नळाला मात्र काही दिवस पाणी नसते.

चौथी पायरी: अनुदान

आता निधीकडे येऊ. अमृत अभियान २०१५ साली एक लाखावरच्या शहरांसाठी सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. अमृत २.० मध्ये एक लाख ते दहा लाख लोकवस्तीच्या शहराला केंद्राचा वाटा प्रकल्प खर्चाच्या एक तृतीयांश असतो, लाखाच्या आतल्या शहराला निम्मा आणि दहा लाखांवरच्या शहराला पाव. पैसे २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतात आणि पुढचे हप्ते कामाच्या प्रगतीवर व ठरलेल्या सुधारणांवर अवलंबून असतात. चालू देखभालीला त्यातून काही मिळत नाही.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी सांगलीसारख्या शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून, ठेवले होते: त्यातले निम्मे पिण्याचे पाणी, पर्जन्यसंचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. लेखापरीक्षित हिशेब लोकांसाठी संकेतस्थळावर टाकणे ही त्याची प्रवेशाची अट होती. २०२६-२७ पासून १६ व्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा प्रस्ताव लिहिताना चालू शासन निर्णय समोर ठेवूनच वाटे आणि अटी लिहाव्यात. राज्याचे सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान हा ड्रेनेजसाठीचा दुसरा महत्त्वाचा स्रोत. शिवाय राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा नागरी पायाभूत सुविधा विकास निधी २०२३-२४ च्या अर्थसंकल्पातून आला. त्यातले कर्ज राज्यामार्फत दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठी मिळते, व्याज बँक दरापेक्षा दीड टक्का कमी असते आणि परतफेड सात वर्षांत करायची असते. हप्ता मोठा पडतो, हे लक्षात ठेवावे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या एक लाख कोटींच्या नागरी आव्हान निधीतून प्रकल्पाचा पाव खर्च मिळू शकतो, पण किमान निम्मा खर्च रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा करण्याची त्याची अट आहे. केवळ अनुदानावर विसंबलेल्या शहराला तो दरवाजा उघडत नाही.

समजा, योजना ३०० कोटींची आहे. केंद्राचे १०० कोटी आले आणि महापालिकेचा वाटा ३० टक्के धरला, तर ९० कोटी स्वतःचे लागतात, उरलेले राज्याचे. निविदा जादा दराने आली किंवा काम रखडून दरवाढ झाली, तर तो फरक बहुधा महापालिकेच्याच माथी येतो. म्हणून ठराव करताना आपल्या वाट्यावर आणखी किमान १० टक्क्यांची तजवीज दाखवावी.

पाचवी पायरी: कर्ज आणि रोखे

९० कोटींचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे १० कोटी ८४ लाख येतो. शहरात एक लाख नळजोड धरले, तर हा बोजा जोडामागे महिन्याला ९० रुपये होतो. मुदत २० वर्षे केली, तर वार्षिक हप्ता साडेनऊ कोटींवर येतो, पण एकूण परतफेड २७ कोटींहून अधिक वाढते. नळ ४०-५० वर्षे टिकतात, पंप १५. म्हणून नळांसाठी लांब आणि यंत्रांसाठी आखूड मुदत घेणे शहाणपणाचे. पाच वर्षांनी बदलायच्या वस्तूसाठी २० वर्षांचे कर्ज कधीही घेऊ नये.

कर्जासाठी महापालिका अधिनियम आणि १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम यांखाली राज्य शासनाची मंजुरी लागते. हुडको (घरबांधणी व नागरी सुविधांसाठी कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी) किंवा बँक शासनहमी किंवा एस्क्रो खाते मागते. एस्क्रो म्हणजे ठरावीक उत्पन्न आधी या खात्यात जमा होते, हप्ता वळता होतो आणि उरलेले महापालिकेला मिळते. कोणते उत्पन्न बांधून देतो, हे ठरावात नेमके लिहावे. पाणीपट्टी बांधून दिली आणि वसुली निम्मी राहिली, तर वीजबिलालाच पैसे उरणार नाहीत.

रोख्यांबद्दल, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरावीक व्याजाने थेट कर्ज उभारण्याबद्दल, आपल्याकडे बरीच उत्सुकता आहे. अहमदाबादने १९९८ साली शासनहमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. पुण्याने २०१७ साली २४ तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी उभे केले. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या तृतीय स्तर प्रक्रियेसाठी १५० कोटींचे हरित रोखे काढले, आणि इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटी उभारले ते नर्मदेचे पाणी उपसण्याच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभा करायला. इंदूरचे उदाहरण सांगलीने बारकाईने अभ्यासावे, कारण तिथे वाचणारे वीजबिल हाच परतफेडीचा आधार आहे. मात्र पतमानांकन, भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या अटी, रोखेविक्रीची व्यवस्था पाहणारा मर्चंट बँकर आणि गुंतवणूकदारांच्या वतीने नेमलेला विश्वस्त यांचा ठरलेला खर्च पाहता ५०-६० कोटींसाठी एकट्या शहराने रोखे काढणे मला परवडणारे वाटत नाही. तमिळनाडूत २००२ साली डझनभर लहान-मध्यम नागरी संस्थांच्या गरजा एकत्र करून पाणी व स्वच्छता निधीमार्फत एकच रोखे काढले गेले. सांगली, सातारा, कराड आणि इचलकरंजी यांनी राज्याच्या मदतीने असा एकत्रित प्रस्ताव केला, तर कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीनेही तो योग्य ठरेल; शेवटी एका गावचे सांडपाणी ते खालच्या गावचे पिण्याचे पाणी असते.

सहावी पायरी: दर

दरवाढीचा ठराव बहुतेक वेळा निवडणुकीच्या अंदाजावर अडतो. त्यावर मला दिसलेला उपाय म्हणजे एकदम मोठी वाढ न करता दरवर्षी ठरावीक टक्क्यांची वाढ सुरुवातीलाच मंजूर करून घेणे आणि प्रत्येक वाढ सेवेतल्या सुधारणेला जोडणे. कराडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवले आहे: घरोघर मीटर बसवले, जितका वापर तितके आणि जास्त वापराला चढा दर अशी रचना केली आणि २४ तास पाणी दिले. लोक पैसे देत नाहीत, हे खरे नाही; पाणी कधी येईल हे माहीत नसताना वाढीव बिल द्यायला ते नाखूश असतात, आणि त्यांचे ते म्हणणे योग्य आहे. पहिला टप्पा स्वस्त ठेवला, की गरीब कुटुंबाचे पाणी सुरक्षित राहते. मात्र एका नळावर चार बिऱ्हाडे असलेल्या वाड्यांत हा टप्पा कुटुंबागणिक द्यावा, नाहीतर गरिबालाच चढा दर बसतो. सांडपाण्याचा आकार पाणीबिलाच्या टक्केवारीत लावावा, म्हणजे वेगळी वसुली यंत्रणा लागत नाही.

सातवी पायरी: प्रक्रिया केलेल्या पाण्याची विक्री

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये मांडलेल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि कृष्णाही त्यांत होती. सांगलीतला शेरीनाला नदीला मिळतो आणि ते सांडपाणी धुळगावकडे उपसून शेतीला देण्याची योजना सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे उद्योगांचाही विचार व्हावा. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडी परिसरातील औष्णिक वीज केंद्र घेते. सुरत पांडेसऱ्याच्या कापड उद्योगाला असे पाणी विकते. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहती इथे जवळच आहेत. फक्त करार आधी आणि बांधकाम नंतर, हा नियम ठेवावा. पाणी उचलले नाही तरी किमान रक्कम द्यायची, हे कलम त्यात हवे. शेतकऱ्याला पाणी ऐन पावसाळ्यात नको असते, सांडपाणी मात्र बारा महिने येते. त्यामुळे केवळ शेतीवर हिशेब बसवू नये.

आठवी पायरी: काम आणि त्यानंतर

ठेका देताना बांधकामाबरोबर किमान पाच वर्षांचे चालन घ्यावे आणि बिलाचा काही भाग बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीला जोडावा. तपासणी ठेकेदाराच्या प्रयोगशाळेत नको. वीजबिलासाठी तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या ठेवीत असावी आणि ती काढण्यासाठी आयुक्तांबरोबर मुख्य लेखाधिकाऱ्यांचीही सही लागावी. पंप, मोटर आणि पॅनेल मिळून १२ कोटींची यंत्रे असतील आणि ती १५ वर्षे चालणार असतील, तर बदलीसाठी वर्षाला ८० लाख बाजूला पडले पाहिजेत. हे खाते योजना सुरू होईल त्याच आर्थिक वर्षात उघडावे आणि पहिली रक्कम त्याच अंदाजपत्रकात, देखभालीच्या रकान्यासमोर, आकड्यात लिहावी.